‘साहेबांचा फंड’ नक्की कुणाच्या खिशातला?

मोहल्ल्याच्या तोंडाशी एक फलक हमखास असतो. ‘मा. आमदार साहेबांच्या फंडातून, नगरसेवकांच्या अथक प्रयत्नांतून, पेव्हर ब्लॉकचे काम.’ खाली हात जोडलेले चार फोटो. ब्लॉक पहिल्या पावसात उचकटतात, फलक मात्र पुढच्या निवडणुकीपर्यंत शाबूत राहतो.

माझा पहिला आक्षेप त्या ‘फंडातून’ या शब्दालाच आहे. महाराष्ट्रात प्रत्येक आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला 5 कोटी रुपये सुचवता येतात. सुचवता येतात, एवढेच. ते पैसे त्यांच्या घरून येत नाहीत, ते राज्याच्या तिजोरीतले आहेत. आणि तिजोरीत ते तुम्ही-आम्ही टाकलेले आहेत. ‘आम्ही कुठे टॅक्स भरतो?’ असे आपल्यातलीच मुले विचारतात. भावांनो, 100 रुपयांच्या मोबाईल सेवेवर 18 रुपये जीएसटी लागतो. तो हातगाडीवाल्याला लागतो आणि कारखानदारालाही तेवढाच लागतो. साबणाची वडी, बिस्किटाचा पुडा, रिक्षातले इंधन, सगळीकडे आपण कर भरतोच. मग आपल्याच पैशांतून झालेल्या गटारीबद्दल साहेबांना हार कशाला घालायचा?

आता या पैशाचे काय होते ते पाहू.

राज्याच्या 2011-12 च्या आर्थिक पाहणी अहवालात एक आकडा छापून आला. दहा वर्षांत सिंचनाखालचे क्षेत्र वाढले अवघे 0.1 टक्का. याच दशकात सिंचनावर सुमारे 70 हजार कोटी रुपये खर्च झाल्याचे सांगितले जात होते. सरकारला श्वेतपत्रिका काढावी लागली, तिच्यात वाढ बरीच जास्त दाखवली गेली. वाद आकड्यांचा झाला आणि शेतकरी पाण्याची वाट पाहतच राहिला.

मुंबई-गोवा महामार्ग घ्या. चौपदरीकरण 2011 मध्ये सुरू झाले. तेव्हा पहिलीत असलेले पोर आज मतदार झाले आहे, आणि रस्त्याच्या ‘नव्या तारखा’ अजून जाहीर होतात. ऑक्टोबर 2023 मध्ये चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावर याच महामार्गाचा बांधकाम चालू असलेला उड्डाणपूल कोसळला.

मालवणला राजकोट किल्ल्यावर शिवाजी महाराजांचा पुतळा 4 डिसेंबर 2023 रोजी उभा राहिला आणि 26 ऑगस्ट 2024 रोजी पडला. नऊ महिनेही टिकला नाही. समोरच समुद्रात महाराजांनी स्वतः बांधून घेतलेला सिंधुदुर्ग साडेतीनशे वर्षे लाटा झेलत उभा आहे. महाराजांच्या नावाने मते मागणाऱ्यांनी त्यांच्या बांधकामाकडून एवढे तरी शिकायला हवे होते.

आणि मावळातले कुंडमळा. 15 जून 2025 रोजी इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळून चार जण गेले. नव्या पुलासाठी निधी मंजूर होता, काम सुरू झालेले नव्हते. कागदावरच्या पुलावरून माणसे चालत नाहीत.

कुणी म्हणेल, ‘तुम्हाला विकास नकोच आहे.’ हवा आहे, आणि तो होऊ शकतो हेही माहीत आहे. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, सोबत एसटीच्या दोन गाड्या गेल्या. सगळ्या राज्याचे लक्ष तिथे लागले होते. जून 2017 मध्ये नवा पूल वाहतुकीला खुला झाला. इंजिनिअर तेच, खाते तेच, राज्य तेच. फरक एवढाच की लोक बघत होते.

लोक बघत नसतात तेव्हा कर्ज वाढते. 2025-26 च्या अर्थसंकल्पात राज्यावरचे कर्ज 9 लाख 32 हजार कोटींच्या घरात दाखवले आहे, महसुली तूट 45,891 कोटी. म्हणजे माणशी सत्तर हजारांच्या वर. त्याच वर्षी जूनमध्ये मंत्रिमंडळाने 802 किलोमीटरच्या शक्तिपीठ महामार्गाच्या भूसंपादनासाठी 20,787 कोटींना मंजुरी दिली. कोल्हापूरच्या शेतकऱ्यांनी ‘आम्ही हा रस्ता मागितलाच नव्हता’ म्हणत मोर्चे काढले. त्यांचा प्रश्न साधा आहे. जुने रस्ते पूर्ण नाहीत, मग नव्याची घाई कुणाला?

आता थोडे आपल्याकडे. निवडणूक आली की आपल्याला काय मिळते? कब्रस्तानची भिंत, शादीखान्याचे भूमिपूजन, एखादी कमान. गरज त्यांचीही आहे, नाही असे नाही. पण आपण तेवढ्यावरच खूश होतो, हे पुढाऱ्यांना पक्के ठाऊक आहे. अल्पसंख्याक विभागाला किती मिळाले एवढेच विचारून आपण गप्प बसतो. उरलेला अर्थसंकल्प काय दुसऱ्या देशाचा आहे? सिव्हिल हॉस्पिटल, एसटी स्टँड, पाण्याची टाकी, जिल्हा परिषदेची शाळा यांतला प्रत्येक रुपया आपलाही आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या खड्ड्यांवर आणि रखडपट्टीवर उच्च न्यायालयात जनहित याचिका घेऊन उभे राहिले ते कोकणातले वकील ओवेस पेचकर. त्या रस्त्यावरून गणपतीला जाणारा चाकरमानीही जातो आणि ईदला घरी जाणाराही. खड्डा कुणाला जात विचारत नाही.

आमच्या भागात एकच गल्ली तीन वर्षांत तीनदा उकरली गेली. मी माहिती अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक विषय, दीडशे शब्दांच्या आत. कायद्याने 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते. अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका म्हणजे ‘एमबी’ आणि दोषदायित्व कालावधी, एवढ्या चार गोष्टी मागितल्या. दोषदायित्व म्हणजे ठरावीक मुदतीत काम बिघडले तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचे. मुदत अजून संपली नव्हती, तरी त्याच गल्लीसाठी नवे टेंडर निघणार होते. ते कागद घेऊन आम्ही सात जण कार्यालयात गेलो. टेंडर थांबले, जुन्याच ठेकेदाराने ब्लॉक बसवून दिले. फार मोठी क्रांती नाही ही. पण काही लाख वाचले, आणि तिथल्या बाबूंना आता आमची नावे माहीत आहेत.

आवाजाने फरक पडतो याचा आणखी एक दाखला. मे 2021 मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, लोक ऑक्सिजनसाठी धावत असताना तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांचे सोशल मीडिया सांभाळायला बाहेरच्या एजन्सीवर सुमारे 6 कोटी खर्च करण्याचा आदेश निघाला. बातमी आली, लोक संतापले, आणि आदेश दुसऱ्याच दिवशी रद्द झाला. ना न्यायालय, ना आंदोलन. फक्त लोकांनी पाहिले आणि विचारले.

सरकारी तिजोरी ही अमानत आहे. अमानत सांभाळणाऱ्याला हिशेब विचारणे हा उद्धटपणा नव्हे, तो मालकाचा हक्क आहे. तेव्हा पुढच्या भूमिपूजनाला सेल्फी जरूर काढा. फक्त त्याआधी तीन गोष्टी विचारा: कामाची रक्कम किती, ठेकेदार कोण, आणि काम बिघडले तर जबाबदारी किती वर्षांची? ज्या साहेबांना ही उत्तरे देता येत नाहीत, त्यांच्या गळ्यात हार घालू नका.