निलगिरीचे तेल : गुण आणि मर्यादा

डिसेंबर महिना उजाडला की रायपूर शहरात सर्दी-खोकल्याचे दिवस सुरू होतात. रात्रीचा गारठा वाढतो. उरला आणि सिलतरा या औद्योगिक भागांतील धुराची त्यात भर पडते. नाक चोंदले, घसा खवखवू लागला की छत्तीसगढी असो वा पिढ्यान्‌पिढ्या येथे राहणारे मराठी कुटुंब असो, अनेक घरांतील फडताळातून निलगिरीच्या तेलाची बाटली बाहेर निघते. ही बाटली उपयोगी आहे यात शंका नाही. मात्र तिचा उपयोग कुठे संपतो आणि धोका कुठे सुरू होतो, हे जाणणे तितकेच आवश्यक आहे.

निलगिरी हा मूळचा ऑस्ट्रेलियातील वृक्ष. इंग्रजांनी 1843 च्या सुमारास तो दक्षिणेतील निलगिरी पर्वतावर लावला आणि पर्वताचेच नाव त्याला मिळाले. आज छत्तीसगडमध्ये शेतांच्या बांधांवरही तो दिसतो. राज्य शासनाने 2023 साली सुरू केलेल्या मुख्यमंत्री वृक्ष संपदा योजनेतही त्याचा समावेश होता. परंतु मैदानी प्रदेशातील ही झाडे प्रामुख्याने लाकूड आणि कागदाचा लगदा यांसाठी वाढवली जातात. औषधी तेल मुख्यतः थंड डोंगराळ भागातील वेगळ्या जातीच्या पानांपासून काढतात. म्हणून बांधावरची पाने हा औषधी तेलाला पर्याय ठरत नाही.

या तेलातील मुख्य घटक म्हणजे सिनिओल. त्याच्या वासाने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात नाकातील हवेचा मार्ग फारसा रुंदावत नाही. सर्दीचे विषाणूही त्याने मरत नाहीत. साधी सर्दी सहसा आठ-दहा दिवसांत आपोआप बरी होते. तोवर आराम देणे एवढेच या तेलाचे काम आहे.

‘वनस्पतीचे तेल आहे, त्याने काय अपाय होणार?’ असे अनेकजण म्हणतात. हा समज घातक आहे. शंभर किलो ताज्या पानांतून साधारणतः एक-दोन किलोच तेल मिळते. इतका तीव्र अर्क पोटात गेल्यास विषासारखा परिणाम करतो. लहान मुलाच्या पोटात चमचाभर तेल गेले, तरी उलट्या, गुंगी, झटके येऊन श्वास मंदावू शकतो. अशा वेळी मुलाला मुद्दाम उलटी करवू नये, कारण तेल फुप्फुसांत शिरण्याची भीती असते. 108 क्रमांकावर दूरध्वनी करून मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे आणि तेलाची बाटली सोबत ठेवावी.

तेल वापरण्याची रीत सोपी आहे. प्रौढ व्यक्तीने रुमालावर एक-दोन थेंब टाकून हुंगावे. अंगाला लावायचे असल्यास मोठा चमचाभर खोबरेल तेलात पाच-सहा थेंब मिसळावेत. डोळे, नाकाची आतील बाजू आणि जखम यांना ते लागू देऊ नये. हे तेल लवकर पेट घेते, म्हणून चुलीपासून किंवा दिव्यापासून दूर ठेवावे. लहान मुलांच्या चेहऱ्याला ते लावू नये. उकळत्या पाण्याची वाफही मुलांना देऊ नये. भांडे कलंडून मुले भाजतात. दमा किंवा अपस्मार असणाऱ्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी वैद्यकीय सल्ल्याविना हे तेल वापरू नये.

उत्पादकांनी बाटलीवर ‘पिऊ नये, मुलांपासून दूर ठेवावे’ हा इशारा स्थानिक भाषेत आणि ठळक अक्षरांत छापला पाहिजे. ग्राहकांनीही तो वाचण्याची सवय लावून घेतली पाहिजे. साक्षरतेचा खरा लाभ अशाच लहान गोष्टींत दिसतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आराम मिळाला म्हणून आजार गेला असे समजू नये. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर तो क्षयरोगाचाही असू शकतो. त्याची तपासणी आणि उपचार सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतात. धाप लागत असेल किंवा ताप उतरत नसेल, तरीही विलंब न करता दवाखाना गाठावा. तेथे जाण्यास उशीर होऊ दिला, तर निलगिरीचा सुगंधही अपायच करतो.