शंख तिथेच, फोटो घरी!

आमच्याकडे रविवारचं भांडण फिक्स असतं. आठवडाभर नवरा ऑफिसात, मी डेडलाइनच्या मागे, साडेचार वर्षांची लेक पाळणाघरात. उरला एक रविवार. तोसुद्धा साहेब कॅमेरा उचलून भल्या पहाटे कार्टर रोडच्या खडकांवर पळणार! 'अगं, ओहोटी काय आपली झोप होईपर्यंत थांबते?' हे त्याचं ठरलेलं उत्तर.

शेवटी एकदा लेकीला घेऊन मीही निघाले. आदल्या रात्री सासूबाईंनी कॅलेंडर बघून हिशेब सांगितला. त्या अलिबागच्या. 'तिथीची पाऊणपट केलीस की भरतीची वेळ. उद्या पौर्णिमा, म्हणजे पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्याच्या सहा तास आधी ओहोटी.' म्हणजे पहाटे सव्वापाच! मोबाइलवर चेक केलं, तर फरक जेमतेम अर्ध्या-पाऊण तासाचा. बॅटरी न लागणारं अ‍ॅप, बॉस!

पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास पाणी जास्त आत जातं आणि एरवी बुडालेले खडक उघडे पडतात. त्या डबक्यांमध्ये काय नव्हतं? फुलासारखे पसरलेले सी-अ‍ॅनिमोन, तिरके पळणारे खेकडे, बोटभर मासे. नवरा खडकावर चक्क पालथा पडून फोटो काढत होता. लेक शंख गोळा करत होती. 'घे ना, छान आहे,' मीच म्हटलं. फ्रॉकचे खिसे भरून शंख घरी आले आणि साबणाच्या जुन्या डबीत विराजमान झाले.

मंगळवारी घरभर वास सुटला. एका शंखात बिऱ्हाड होतं... हर्मिट क्रॅबचं. या खेकड्याचं पोट मऊ असतं, म्हणून तो गोगलगायीच्या रिकाम्या शंखात राहतो. वाढला की मोठा शंख शोधतो. म्हणजे आपण 'रिकामा' म्हणून उचललेला शंखही त्याचा पुढचा फ्लॅट असू शकतो. श्वास घ्यायला त्याचे कल्ले ओले राहावे लागतात. आमच्या कोरड्या डबीत तो किती वेळ टिकणार?

'आई, तो झोपलाय का?' लेकीने विचारलं. मला खोटं बोलवेना. 'नाही गं, मेला. आपण त्याला घरी आणायला नको होतं.' ती खूप रडली. खरं सांगू, मीही.

तेव्हापासून घरात एकच नियम : शंख तिथेच, फोटो घरी. लेक बोट दाखवते, बाबा क्लिक करतो, मी जागा आणि वेळ लिहून ठेवते. मग ते फोटो 'आयनॅचरलिस्ट'वर टाकतो. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'ची मंडळी २०१७पासून मुंबईच्या किनाऱ्यांवर अशाच नोंदी करताहेत, लोकांना ओहोटीच्या वेळी फिरवून हे जग दाखवताहेत.

फोटोने काय होतं, असं मलाही वाटायचं. पण आठवतंय? २०२०मध्ये कोस्टल रोडसाठी वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवरच्या प्रवाळाच्या १८ वसाहती दुसरीकडे हलवाव्या लागल्या. 'मुंबईत प्रवाळ?' असं तेव्हा माझ्यासकट कित्येकांनी विचारलं होतं. जे आहे हेच ठाऊक नाही, ते वाचवायला कोण जाणार? तारीख आणि जागा असलेला साधा फोटोसुद्धा 'हे इथे राहतं' याचा पुरावा असतो.

तुम्हीही जाणार असाल, तर पकड असलेले बूट घाला आणि पाणी फिरायच्या आत परता. पावसाळ्यात खडकांच्या वाटेला जाऊच नका. फोटोसाठी दगड उलटलात, तर हळूच होता तसा ठेवा. त्याच्या खालच्या बाजूला कुणाकुणाचे संसार असतात.

रविवारचं भांडण मिटलं का? छे! नवरा आणि लेक आता कॅमेरा कोणी धरायचा यावरून भांडतात. मी आपली भरतीच्या वेळेकडे लक्ष ठेवते.