पोराचा गुडघा वाजतो तेव्हा



उसाचा पोंगा जळलेला दिसला की आपण तो उपटून बघतो. खोडकीड आहे का पाण्याचा ताण, हे कळल्याशिवाय औषधाला हात घालत नाही. पण घरातल्या पोराचा गुडघा उठता-बसता 'कट्' वाजू लागला, की "वात असेल, तेल चोळ" म्हणून मोकळे होतो. हे आम्हांस पटत नाही.

गुडघा नुसता वाजतो, दुखत नाही, सुजत नाही, तर घाबरायचं कारण नाही. त्याला औषध नको, शस्त्रक्रिया तर नकोच. मात्र आवाजाबरोबर कळ येते, गुडघा अडकतो, सुजतो किंवा पुरता सरळ होत नाही, तेव्हा हाडांच्या डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे.

गुडघ्यात चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात. काही मुलांत बाहेरच्या बाजूची गादी जन्मतःच भाकरीसारखी गोल व जाड असते. कुठे मार लागलेला नसतानाही ती वाजते, अडकते. आशियातील लोकांत हा प्रकार अधिक आढळतो. दुसरे कारण त्याहून विरळ. मांडीमागच्या स्नायूची दोरी, उकिडवे बसताना, गुडघ्याबाहेरच्या हाडाच्या टोकावरून सटकते.

गादीचा दोष एम.आर.आय.मध्ये बहुधा दिसतो. सटकणारी दोरी मात्र पाय स्थिर असताना जागेवरच असते. फोटो स्वच्छ येतो आणि पोरगं सोंग करतंय असा शिक्का बसतो. बंद इंजिनाचा ठोका फिटरला तरी कळतो का? तेव्हा डॉक्टरांसमोर पोराला उठाबशा काढायला लावा. पाय हलवत केलेल्या सोनोग्राफीत ही दोरी सटकताना दिसू शकते.

उपचार कारणावर ठरतो. दोरीला आधी विश्रांती व व्यायाम. भागले नाही तरच शस्त्रक्रिया. दुखणारी गोल गादी पूर्वी सबंध काढत. पुढे सांधा लवकर झिजे. आता दुर्बिणीतून मधला भाग कोरून कडा राखतात, फाटली असल्यास शिवतात. कोणी सगळीच काढू म्हणाले, तर दुसऱ्या डॉक्टरांचेही मत घ्यावे. तोडलेल्या उसाला खोडवा फुटतो, काढलेली गादी पुन्हा येत नाही.

आमचे सांगणे एवढेच, की झटके देऊन गुडघा 'बसवून' घेऊ नका. आवाज कोणत्या बाजूला, कोणत्या हालचालीत होतो, हे पोराला विचारा आणि डॉक्टरांना नेमके सांगा. निम्मे निदान तिथेच होते.