पाण्याने न विझणारी आग आणि बडोद्याची तयारी

गुजरातमधील चिपनिर्मितीच्या प्रकल्पांची चर्चा निघाली की समोर येतात ते गुंतवणुकीचे आणि रोजगाराचे आकडे. धोलेरा येथील टाटा समूह आणि तैवानची पीएसएमसी यांच्या सुमारे ९१ हजार कोटी रुपयांच्या प्रकल्पाला केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजुरी दिली. या उद्योगाला लागणाऱ्या रसायनांचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. त्यांत एक वायू असा आहे की, त्याच्यासमोर अग्निशमन दलाचे नेहमीचे साधन असलेले पाणीच घातक ठरते. राज्याच्या रासायनिक पट्ट्यातील प्रमुख शहर म्हणून बडोद्याने त्याची दखल वेळीच घेणे आवश्यक आहे.

क्लोरीन ट्रायफ्लोराइड हे त्याचे नाव. क्लोरीन आणि फ्लोरीन या दोन हॅलोजन मूलद्रव्यांचे हे संयुग जर्मनीत १९३० मध्ये ओटो रुफ आणि त्यांच्या सहकाऱ्याने प्रथम तयार केले. त्याचा उत्कलनांक सुमारे १२ अंश सेल्सिअस, म्हणजे बडोद्याच्या हवेत तो वायूच राहणार. हवेपेक्षा तो तिपटीहून अधिक जड असल्याने गळती झाल्यास जमिनीलगत पसरतो. तो स्वतः जळत नाही, पण इतर वस्तूंना पेटवतो. लाकूड, कापड आणि तेल तर सोडाच. एरवी न जळणारी वाळू, काँक्रीट आणि ॲस्बेस्टॉसही त्याच्या संपर्कात पेट घेऊ शकतात. पाण्याशी त्याचा संयोग स्फोटक असतो आणि त्यातून हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी, दाहक वायू बाहेर पडतात. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत कामाच्या ठिकाणच्या हवेत क्लोरीनची कमाल मर्यादा दहा लाख भागांत १ भाग आहे. या वायूसाठी ती ०.१ भाग आहे.

इतका धोकादायक पदार्थ उद्योग वापरतो, याला कारण आहे. चिप तयार करणाऱ्या यंत्रांच्या पात्रांत सिलिकॉनचे थर साचतात. हा वायू ते थर कमी तापमानात आणि प्लाझ्माशिवाय वायुरूपात काढून टाकतो. याच कामासाठी सर्रास वापरला जाणारा नायट्रोजन ट्रायफ्लोराइड हाताळण्यास तुलनेने सुरक्षित असला, तरी शंभर वर्षांच्या हिशेबात त्याचा तापमानवाढीवरील परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १७ हजार पट आहे. त्यामुळे हवामानाचा विचार जसा बळावेल, तसे क्लोरीन ट्रायफ्लोराइडचे आकर्षण वाढू शकते. वातावरणाच्या हिताची निवड कारखान्याच्या शेजाऱ्यांसाठी जोखमीची ठरावी, असा हा पेच आहे.

बडोद्याला रसायने नवी नाहीत. सयाजीराव गायकवाडांच्या काळात १८९० मध्ये कलाभवन सुरू झाले, १९०७ मध्ये ॲलेम्बिकची स्थापना झाली आणि १९६५ मध्ये कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना कार्यान्वित झाला. रानोलीत क्लोरीन तयार होतो, तर शेजारच्या पंचमहाल जिल्ह्यातील रणजितनगर येथे फ्लोरीनच्या संयुगांचा मोठा कारखाना आहे. रणजितनगरच्या कारखान्यात १६ डिसेंबर २०२१ रोजी झालेल्या स्फोटात कामगारांचे बळी गेले. कोयलीत ११ नोव्हेंबर २०२४ रोजी बेन्झीनच्या टाकीला आग लागून दोघांचा मृत्यू झाला.

कोयलीसारख्या आगीत फेसाचा मारा करणे आणि शेजारच्या टाक्या पाण्याने थंड ठेवणे ही रूढ पद्धत आहे. तीच सवय क्लोरीन ट्रायफ्लोराइडच्या गळतीत जवानांच्या जिवावर बेतेल. तिथे माणसे दूर हलवणे, वाऱ्याची दिशा पाहणे आणि शक्य असल्यास दुरून पुरवठा बंद करणे, एवढेच सुरुवातीला हाती असते. म्हणजेच घटनास्थळी पोहोचणाऱ्या पहिल्या पथकाला समोरचा पदार्थ कोणता, हे निघण्यापूर्वीच ठाऊक असले पाहिजे. रुग्णालयांची तयारीही वेगळी लागते. हायड्रोजन फ्लोराइडने भाजल्यावर वेदना कधीकधी उशिरा जाणवते. त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचा लेप तातडीने लावावा लागतो. तो जवळच्या आरोग्य केंद्रात नसेल, तर शहरातील मोठ्या रुग्णालयात असून उपयोग मर्यादितच.

भोपाळनंतर देशाने यासाठी कायदेशीर चौकट उभी केली. १९८९ च्या धोकादायक रसायनविषयक नियमांनी कारखान्याबाहेरच्या आपत्कालीन आराखड्याची वर्षातून किमान एकदा रंगीत तालीम बंधनकारक केली आणि परिसरातील लोकांना धोक्याची माहिती देण्याची जबाबदारी कारखानदारावर टाकली. १९९६ च्या नियमांनी जिल्हा आणि स्थानिक पातळीवर आपत्कालीन गट निर्माण केले. ही तालीम नेहमीच्या पाण्याच्या फवाऱ्याचे प्रात्यक्षिक ठरली, तर नव्या वायूंपुढे ती निरुपयोगी आहे. प्रकल्पांना मंजुरी देतानाच त्यांत येणाऱ्या वायूंची यादी या गटांच्या आणि अग्निशमन दलाच्या हाती पडणे, ही किमान अपेक्षा आहे.

गोव्याला हा विषय दूरचा वाटू नये. १९ जानेवारी २०१८ च्या पहाटे चिखली येथे अमोनियाचा टँकर उलटला आणि परिसरातील कुटुंबांना घरे सोडावी लागली. अमोनिया पाण्यात सहज विरघळतो. तिथे पाण्याचा फवारा वायू रोखण्यास उपयोगी पडतो. टँकरवरील चार अंकी क्रमांक हा फरक सांगतो: अमोनियासाठी १००५, क्लोरीन ट्रायफ्लोराइडसाठी १७४९. बडोदे असो वा मुरगाव, तो क्रमांक वाचून पाण्याचा नळ उघडायचा की बंद ठेवायचा, हे ठरवू शकणारा माणूस पहिल्या गाडीत असला पाहिजे.