पाण्याखालचा जोड

गावाकडचा लोहार आठवून बघा. लालबुंद कोयता तो पाण्यात बुडवतो आणि धार कडक होते. यालाच आपण पोलादाला पाणी देणं म्हणतो. पाणी जास्त झालं, तर तोच कोयता दगडावर लागताच त्याचा टवका उडतो.

मी इंजिनिअर्सचा माणूस, पूल आणि रस्ते हा आमचा धंदा. अंदमानात पोस्टिंग झाली आणि खडकवासल्याचा नौदलातला कोर्समेट भेटला. जेट्टीवर चहा घेताना तो म्हणाला, "अरे, पाणबुड्या वर येतो तेव्हा वेल्ड सुरेख दिसतो. तडा दोन दिवसांनी जातो." ते वाक्य डोक्यातून जाईना.

कारण साधं आहे. पाण्याखाली आर्क पेटला की पाण्याचं विघटन होतं आणि हायड्रोजन वितळलेल्या धातूत शिरतो. भोवतालचं पाणी जोडाला झटक्यात गार करतं. शेजारचं पोलाद मग मार्टेन्साइट या कडक पण ठिसूळ रूपात बदलतं. ठिसूळ धातू, अडकलेला हायड्रोजन आणि आक्रसण्याचा ताण एकत्र आले की उशिरा तडा जातो. उच्च ताकदीच्या पोलादाला हा धोका अधिक. जोडाभोवती कोरडा कक्ष उभारला तर तो टळतो, पण त्याला वेळ, पैसा आणि अवजड सामान लागतं.

इथे स्वयंपाकघरातली इंडक्शन शेगडी कामाला येते. तिच्यात जाळ नसतो. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे पातेल्यातच प्रवाह फिरतात आणि पातेलं तापतं. समुद्राचं पाणी पोलादाच्या मानाने फारच कमी वीजवाहक, म्हणून कॉइल पाण्याला सोडून प्लेटलाच तापवते. वेल्डिंग चालू असतानाच ही ऊब मिळाली की जोड हळू गार होतो आणि हायड्रोजनला निसटायला सवड मिळते. चीनमधल्या हार्बिनच्या संशोधकांनी ई४० या जहाजबांधणीच्या पोलादावर हे करून पाहिलं. मार्टेन्साइट घटलं, कठीणपणाही कमी झाला.

अडचणी आहेतच. जाड प्लेट आणि वाहतं पाणी उष्णता ओढून नेतात. कॉइल जोडाजवळ धरून ठेवावी लागते. आणि पाण्यातल्या माणसाशेजारी आणखी एक वीजवाहिनी जाते, तेव्हा त्याची सुरक्षितता सगळ्यात आधी.

तरीही माझं मत ठाम आहे: याच्या चाचण्या आपल्याच समुद्रात, आपल्याच पोलादावर झाल्या पाहिजेत. विक्रांतसाठीचं पोलाद हैदराबादच्या डीएमआरएलने विकसित केलं, सेलने बनवलं. पोलाद घडवणाऱ्या देशाला ते पाण्याखाली सांधताही आलं पाहिजे. अंदमानातून मुख्य भूमीवरची मोठी गोदी सुमारे १२०० किलोमीटरवर. १९४२ साली कोरल समुद्रात जखमी झालेली यॉर्कटाउन पर्ल हार्बरमध्ये तीन दिवसांत डागडुजी करून मिडवेच्या लढाईत उतरली. त्यांची गोदी शाबूत होती. आपली गोदी दूर असेल किंवा शत्रूच्या माऱ्याखाली असेल, तेव्हा सगळी भिस्त त्या पाणबुड्यावर.

नवीन जहाज पाण्यात उतरतं तेव्हा बँड वाजतो, फोटो निघतात. दुरुस्तीला बँड नसतो. पण लढाईच्या दुसऱ्या आठवड्यात किती जहाजं उभी आहेत, हे दुरुस्तीच ठरवते. ज्या जवानाला आपण गढूळ पाण्यात उतरवतो, त्याचा जोड दोन दिवसांनीही टिकेल एवढी सोय करणं आपलं कर्तव्य आहे.

जय हिंद.