केरसुणी, यंत्र आणि मुलाचा श्वास

दसरा-दिवाळीच्या सुमारास घरोघरी साफसफाईला आरंभ झाला, की बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात दोन गोष्टींची वाढ होते. एक म्हणजे धाप लागलेली मुले आणि दुसरी म्हणजे व्हॅक्यूम क्लीनरविषयीच्या शंका. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या युरेका फोर्ब्स कंपनीच्या विक्रेत्यांनी हे यंत्र आपल्याकडे दारोदार नेले, तेव्हा ते म्हणजे एक जड डबा, लांब नळी आणि पायांत अडकणारी तार असे प्रकरण होते. बहुतेक घरांत ते वर्षभरात माळ्यावर जाऊन बसे. आता बिनतारी, बॅटरीवर चालणारे, एका हातात मावणारे छोटे यंत्र आले आहे आणि प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला आहे. "डॉक्टर, हे घेतलं तर याचा पंप बंद करता येईल का?" असे बेळगाव शहरातले सुशिक्षित पालकही आशेने विचारतात.

आपल्या व्यवसायबंधूंतही याबाबत दोन तट दिसतात. धूळ हेच दम्याचे मूळ, तेव्हा यंत्र औषधाच्या चिठ्ठीवरच लिहून द्यावे, असे एक पक्ष म्हणतो. ही सारी शहरी चैन आहे, केरसुणी आणि ओले फडके यांनी पिढ्यान् पिढ्या घरे स्वच्छ राहिली, असे दुसरा पक्ष म्हणतो. मला दोन्ही मते अपुरी वाटतात. हे यंत्र दम्याचे औषध नव्हे; मात्र केर काढणाऱ्या व्यक्तीच्या छातीचे ते एक रक्षक आहे. त्याचे मोल त्याच मापाने केले पाहिजे, आणि ते माप आपल्या सीमाभागात लावू गेल्यास आपण दिवाणखान्यात न थांबता थेट तंबाखूच्या वखारीत जाऊन पोहोचतो.

प्रथम थोडा इतिहास. इंग्लंडमधील ह्यूबर्ट सेसिल बूथ या अभियंत्याने १९०१ मध्ये धूळ शोषून घेणारे यंत्र सिद्ध केले. ते घोडागाडीवरून आणावे लागे आणि रस्त्यावर उभे करून त्याच्या नळ्या खिडक्यांतून घरात सोडाव्या लागत. घरात सहज फिरवता येईल असे विजेवरचे छोटे यंत्र मात्र अमेरिकेतील ओहायो राज्यात, कँटन गावी, जेम्स मरे स्पँग्लर या गृहस्थांनी तयार केले. त्याचे पेटंट त्यांना १९०८ मध्ये मिळाले. स्पँग्लर हे शास्त्रज्ञ नव्हते, एका मोठ्या दुकानातील झाडलोट करणारे कर्मचारी होते आणि त्यांना दम्याचा विकार होता. गालिचे झाडताना उडणारी धूळ सहन होईना, म्हणून त्यांनी पंख्याची मोटर, झाडूची दांडी आणि उशीचा अभ्रा एकत्र करून हे यंत्र जुळवले. पुढे त्याचे हक्क हूव्हर यांच्याकडे गेले आणि यंत्र जगभर पोहोचले. तात्पर्य, आजच्या छोटेखानी यंत्राचा जन्म घरमालकाच्या हौसेतून झालेला नाही. तो केर काढणाऱ्या माणसाच्या श्वासातून झालेला आहे. ही गोष्ट आपण विसरलो, म्हणून आपला वाद भरकटतो.

आता शास्त्र काय सांगते ते पाहू. घरातील धुळीची ॲलर्जी मुख्यतः तिच्यातील माइट या सूक्ष्म जीवामुळे होते, हे हॉलंडमधील फोरहोर्स्ट व स्पिक्स्मा यांनी १९६४ च्या सुमारास दाखवून दिले. कोळ्याच्या कुळातील हा आठ पायांचा प्राणी आपल्या त्वचेच्या गळून पडलेल्या कोंड्यावर जगतो. गादी, उशी, गोधडी, सोफा ही त्याची वसतिस्थाने. त्याला पाणी प्यावे लागत नाही, हवेतील ओलावा पुरतो. जून ते सप्टेंबर बेळगावात कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत आणि भिंतींना बुरशी येते, ते दिवस त्याच्या भरभराटीचे. ॲलर्जी होते ती प्रामुख्याने त्याच्या विष्ठेच्या कणांमुळे. हे कण तुलनेने मोठे, सुमारे १० ते ४० मायक्रॉनचे असतात. झाडताना ते उडतात आणि अर्ध्या तासाच्या आत बहुतांशी पुन्हा खाली बसतात.

यंत्र वरवरची धूळ आणि हे कण ओढून घेते, परंतु जिवंत माइट गादीच्या धाग्यांना घट्ट धरून राहतात. ते बहुतेक तिथेच उरतात आणि पुन्हा वाढतात. शिवाय यंत्राची गाळणी साधी असेल, तर पुढून ओढलेली अतिसूक्ष्म धूळ मागून पुन्हा खोलीत येते. ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारी हेपा गाळणी त्यासाठीच हवी. छोट्या यंत्राचा धुळीचा डबाही छोटा असतो, तो वारंवार रिकामा करावा लागतो. डबा घरातच आपटून रिकामा केला, की सकाळची सारी मेहनत हवेत जाते. हे काम दमेकरी मुलाच्या हाती तर कधीच देऊ नये.

मग मुलाच्या दम्यावर उपयोग किती? गच्के आणि योहान्सन यांनी २००८ मध्ये कॉक्रेन संस्थेसाठी ५४ चाचण्यांचा आढावा घेतला. माइट कमी करण्याच्या रासायनिक वा भौतिक उपायांनी दम्यात लक्षणीय सुधारणा होत असल्याचे त्यांना आढळले नाही. याउलट अमेरिकेतील सात शहरांतील ९३७ मुलांवरील अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मुलाला कशाची ॲलर्जी आहे हे तपासून गादीची आवरणे, हेपा गाळणीचे यंत्र, हवा शुद्ध करणारे उपकरण, झुरळांचा बंदोबस्त, तंबाखूच्या धुराविषयी समुपदेशन अशी सर्वांगीण योजना राबवली होती. पहिल्या वर्षी दर पंधरवड्यातील त्रासाचे दिवस सरासरी ४.२ ऐवजी ३.४ झाले. फायदा झाला, पण तो अनेक उपाय एकत्र केल्यावर, आणि औषधे चालू असताना. एकटे यंत्र आणून पंप बंद करण्यास या दोहोंपैकी कोणताही अभ्यास आधार देत नाही.

म्हणून पालकांना मी हिशेब मांडून दाखवतो. मध्यम प्रतीच्या यंत्राच्या किमतीत मुलाचे वर्षभराचे प्रतिबंधक इन्हेलर सहज येते. स्पेसर परवडत नसेल, तर ५०० मिलिलिटरच्या प्लास्टिक बाटलीपासून नीट बनवलेला स्पेसरही तितकेच काम करतो, हे दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये दाखवले आहे. आधी औषध, ते नियमित व योग्य पद्धतीने; त्यानंतर पैसे उरल्यास यंत्र. हा क्रम उलटला, तर मूल रात्री-अपरात्री रुग्णालयात येते आणि यंत्र कोपऱ्यात चार्ज होत राहते.

दुसरे असे, की हे यंत्र ज्या घरांसाठी जन्मले ती घरे भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा अंथरलेली, थंडीसाठी खिडक्या बंद ठेवलेली. आपल्याकडे शहाबादी फरशी, कोबा किंवा टाइल्स आहेत. फरशीवर माइटला आसरा मिळत नाही आणि ओल्या फडक्याने पुसल्यास धूळ उडतही नाही. तेव्हा फरशीपुरते बोलायचे, तर कोरड्या केरसुणीपेक्षा ओले फडके सरस आणि यंत्रालाही तुल्यबळ. आठवड्यातून एकदा चादरी-अभ्रे ५५ अंशांहून अधिक तापमानाच्या पाण्यात धुवावेत, पाऊस ओसरताच गाद्या कडक उन्हात टाकाव्यात, झाडलोट होताना व नंतर अर्धा तास मुलाला बाहेर ठेवावे. छोटे यंत्र खरोखर उपयोगी पडते ते गादीच्या शिवणी, सोफ्याच्या फटी, पुस्तकांची कपाटे आणि मोटारीतील आसने येथे.

आणि धुळीच्या नावाने खडे फोडताना धुराकडे काणाडोळा होतो, हे तर नेहमीचेच. डासांची एक कॉइल जळताना जेवढे सूक्ष्म कण बाहेर पडतात, तेवढे ७५ ते १३७ सिगारेटी जाळल्यावर पडतात, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत आढळले. यंत्र विकत घेणाऱ्या घरात रात्री बंद खोलीत कॉइल आणि आजोबांची विडी चालूच असेल, तर त्या खरेदीला वैद्यकीय कारण जोडू नये. मच्छरदाणी ही त्या यंत्राहून स्वस्त आणि अधिक गुणकारी.

एवढे सांगूनही मी यंत्राच्या विरोधात नाही, हे मुद्दाम नमूद करतो. लक्ष्मीपूजनाला आपण नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतो. ती जिच्या हातात रोज असते, तिच्या छातीची मात्र आपण चौकशी करीत नाही. घरातील सून असो वा धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी असोत, कोरड्या केराची धूळ सर्वांत जवळून त्यांच्याच नाकातोंडात जाते. रांगते मूल असेल तर ते आईच्या पाठोपाठ त्याच धुळीच्या थरात फिरते. त्या बाईला दमा वा ॲलर्जीची सर्दी असेल, तर हलके, हेपा गाळणीचे, कमरेतून न वाकता चालवता येणारे यंत्र ही चैन नव्हे. ते वापरणार कोण, तिला ते पेलते का, डबा आणि गाळणी धुणार कोण, हे प्रश्न मात्र खरेदीआधी विचारावेत. ज्या घरात नवऱ्याने कौतुकाने यंत्र आणले आणि केर काढणाऱ्या मावशींना त्याला हात लावायला बंदी आहे, तेथे यंत्राचा उपयोग शून्य.

याच मापाने आता निपाणीकडे पाहू. केर काढणाऱ्या घरातल्या बाईचा विचार करायचा, तर दिवसभर तंबाखूच्या धुरळ्यात काम करणाऱ्या बाईचा विचार आधी करावा लागतो. ऊस वाढला आणि तंबाखूचा व्यापार पूर्वीसारखा राहिला नाही हे खरे, तरी या भागाची ओळख तंबाखूशी बांधलेली आहे. वखारीत तंबाखू कुटणे, चाळणे, पाखडणे ही कामे बायकांनी केली. तोंडाला पदर गुंडाळून त्या बसत आणि तोच पदर घेऊन घरी जाऊन मुलाला जवळ घेत. 'युगांतर' या स्त्रियांच्या चित्रपटगटाने १९८२ मध्ये निपाणीच्या या कामगार स्त्रियांवर 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा माहितीपट केला. त्यांच्या संघटनेची हकिकत त्यात आहे. जी धूळ आपण घरात चिमूटभर मोजतो, ती त्यांनी श्वासागणिक घेतली. विडी वळणाऱ्या घरांत तर तंबाखूचे सूप आणि तान्हे मूल एकाच खोलीत असते.

या धुळीवरचा उपाय अज्ञात आहे असे नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या १४ व्या कलमातच लिहिले गेले, की धूळ जिथे निर्माण होते त्याच्या शक्य तितक्या जवळ तिला शोषून घेणारी व्यवस्था असावी आणि ती जागा शक्य तितकी बंदिस्त करावी. म्हणजे स्पँग्लर यांनी अभ्रा बांधून जे केले, तेच तत्त्व कायद्याने कामाच्या जागेला लावले. पुढे कायद्यांच्या संहिता झाल्या, नावे बदलली. तत्त्वाची गरज कमी झालेली नाही. चाळणीच्या डोक्यावर शोषक पंखा आणि नळी बसवणे हे काही अवकाशविज्ञान नव्हे. दिवाणखान्यातील सोफ्यासाठी बिनतारी यंत्र घेणारा आपला समाज जिथे धूळ खरोखर जन्मते तिथे ते शोषण पोहोचवीत नाही, ही आपल्या विचारातील विसंगती आहे.

आपण डॉक्टर मंडळी वखारी बांधत नाही आणि यंत्रेही विकत नाही. पण रुग्णाचा इतिहास लिहिण्याची लेखणी आपल्या हातात आहे. घरी कुत्रे-मांजर आहे का, हे आपण हटकून विचारतो. त्याच ओळीत आणखी तीन प्रश्न घालावेत, असे मी आपल्या संघटनेतील सर्वांना सुचवतो : घरात केर कोण काढते, आई-वडील कोणत्या कामाला जातात, आणि ते कामाचे कपडे बदलून मुलाला घेतात का? कामावरून आल्यावर हातपाय धुऊन, साडी बदलून मग मूल कडेवर घेणे, हा बिनखर्चाचा सल्ला विडी आणि तंबाखूच्या घरांत कोणत्याही यंत्राआधी द्यावा. विडी वळण्याचे सूप शक्यतो पडवीत ठेवावे, मुलाच्या अंथरुणापासून दूर, हा दुसरा. बेळगाव, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात काम करणाऱ्या आपण सर्वांनी वर्षभर या उत्तरांची नोंद एकसारख्या पद्धतीने ठेवली, तर वखारमालकांशी आणि अधिकाऱ्यांशी बोलताना आपल्याजवळ मताऐवजी आकडे असतील. पुढील वार्षिक सभेत या नोंदींसाठी अर्धा तास राखून ठेवावा, एवढीच विनंती.