भटजींची पदवी कुणी पाहिली?

परवा स्वारगेटजवळच्या एका कार्यालयात लग्नाला गेलो होतो. लग्न लावायला बाई होत्या. मंत्र म्हणायच्या आणि लगेच मराठीत अर्थ सांगायच्या. शेजारचे गृहस्थ मठ्ठा संपेपर्यंत धुमसत होते. गुरुकुल नाही, परंपरा नाही, चार वर्ग केले की झाले पुरोहित! असल्या संस्थांच्या प्रमाणपत्रांना सरकारने मान्यता देऊ नये आणि ही लग्नं कोर्टात टिकायची नाहीत, असं त्यांचं म्हणणं. (न टिकणाऱ्या लग्नाची जिलबी मात्र दोनदा घेतली.)

कोर्टाचंच बघू. हिंदू विवाह कायदा 1955चा. कलम 7 म्हणतं, वधू किंवा वर यांपैकी एकाच्या रूढीप्रमाणे विधी व्हावेत. त्यात सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडलं की लग्न पुरं. पुरोहित हा शब्दच त्या कलमात नाही. 2024 साली सर्वोच्च न्यायालयाने विधींवाचून नुसतं नोंदवलेलं लग्न अवैध ठरवलं, तेव्हाही प्रश्न विधींचा होता, भटजींच्या शिक्षणाचा नव्हे. ख्रिस्ती विवाहाचा 1872चा कायदा लग्न कुणी लावायचं ते सांगतो. आपला सांगत नाही. आमच्या वाड्यातले भटजी एका मुहूर्तावर तीन लग्नं उरकत, सप्तपदीत एक डोळा घड्याळावर. त्यांचं प्रमाणपत्र मागायचं कुणाला सुचलं नाही. बाई पाटावर बसल्या की सुचतं.

वाद जुनाच. सत्यशोधक पद्धतीने, म्हणजे भटजींवाचून, लग्न लागलं म्हणून ओतूरचे जोशी, म्हणजे गावचे वतनदार पुरोहित, दक्षिणेच्या हक्कासाठी कोर्टात गेले होते. हा वतनी हक्क मुंबई कायदेमंडळाने 1926 साली मोडीत काढला. शाहू महाराजांनी 1920मध्ये कोल्हापुरात मराठा पुरोहितांसाठी वैदिक शाळा काढली, तेव्हाही धर्म बुडणारच होता. पुण्यात थत्तेमामांनी बायकांना पौरोहित्य शिकवलं, ज्ञान प्रबोधिनी ही संस्था आजही शिकवते. बुडायला बराच वेळ लागतोय.

गुरुकुल नाही म्हणून मंत्रांचे उच्चार चुकतील म्हणाल, तर ते कानाने तपासावेत.

मग मान्यता कशाला? शिक्षण म्हणून. रामटेकच्या संस्कृत विद्यापीठासारख्या ठिकाणी परीक्षा व्हावी, उत्तीर्णाला प्रमाणपत्र मिळावं. 1956च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यानुसार ज्याला पदवी देण्याचा अधिकार नाही, त्याने ‘पदवी’ हा शब्द छापू नये, मग तो नवा वर्ग असो की शंभर वर्षांची पाठशाळा. परीक्षेला दोघांनीही बसावं. गृहस्थांना हे सांगितलं, तर ते पानसुपारी घ्यायला उठले.